एका घरात दोन तार

आमच्या कारखान्यातल्या विजेच्या मीटरला ॲल्युमिनियमची एक चकती होती आणि तिच्या कडेवर एक लाल खूण होती. सगळे माग बंद असले की चकती जवळजवळ थांबलेली असायची. बाबा एकच माग चालू करायचे आणि मला हाक मारायचे, "मोज गं." त्यांचं मनगटी घड्याळ हातात धरून मी मिनिटभरात ती लाल खूण किती वेळा समोरून जाते ते मोजायचे. मग तो माग बंद, दुसरा चालू. असे आठही माग. प्रत्येकाचा आकडा बाबा भिंतीवर खडूनं लिहायचे. ज्याचा आकडा इतरांपेक्षा जास्त, त्याचं बेअरिंग कोरडं पडलंय किंवा पट्टा फार ओढलाय, हे त्यांना माग उघडायच्या आधीच कळलेलं असायचं.

१९९०च्या आसपासची, भिवंडीतली, नारपोलीच्या एका गल्लीतली ही गोष्ट. आमच्या प्रत्येक मागाला एक हॉर्सपॉवरची मोटर होती. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. आठ मागांचे जवळजवळ सहा किलोवॅट, आणि महिन्याच्या शेवटी येणारं बिल. आमच्या घरात विजेबद्दल बोलणं हे पैशाबद्दल बोलणंच असे. कांडी संपली, तार तुटला, कारागीर चहाला गेला, तर मोटर बंद. "रिकामी फिरवायची नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही ऑफिसात कुणाचा दिवा उगाच चालू दिसला तर हात आपोआप बटणाकडे जातो.

पुढे मी व्हीजेटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले. मुंबईच्या गिरण्यांना कुशल माणसं हवी होती, त्या काळात, १८८७ साली निघालेली ही संस्था. तिथे वस्त्रोद्योगाचा वेगळा विभाग आहे आणि बाबांना मी तिकडे जावं असं मनातून वाटत होतं. रोज पहाटे कल्याण नाक्यावरून बस, कल्याणहून लोकल, माटुंग्याला उतरायचं. मग पवईला एम.टेक. आणि तिथून बंगळूर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ साली बंगळूरला केंद्र काढल्यापासून चिप-रचनेचं काम त्या शहरात वाढत गेलं आणि आमच्यासारख्यांना तिथे जाण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. मी ज्या कंपनीत लागले तिथे व्हिडिओच्या चिप बनत. माझ्या वाट्याला आला कन्व्हर्टर.

कॅमेऱ्यातून केबलवरून येणारं चित्र म्हणजे मुळात एक व्होल्टेज असतो, सतत वरखाली होणारा. एकूण एक व्होल्टचा खेळ, त्यातले सुमारे ०.३ व्होल्ट ओळ कुठे सुरू होते हे सांगण्यात जातात आणि उरलेल्या ०.७ मध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळं चित्र. संगणकाला व्होल्टेज कळत नाही, आकडे कळतात. म्हणून कुणीतरी मधे बसून ठरलेल्या क्षणाला तो व्होल्टेज मोजायचा आणि आकडा पुढे द्यायचा. तो कन्व्हर्टर. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे एका ओळीला फक्त ६४ मायक्रोसेकंद. त्या एका ओळीत ८६४ वेळा मोजायचं, त्यातली ७२० मापं पडद्यावर दिसतात. सेकंदाला १ कोटी ३५ लाख मोजमापं. मीटरसमोर घड्याळ घेऊन उभी असणारी मुलगी, फक्त तिला आता श्वास घ्यायलाही वेळ नाही.

मला हे पहिल्यांदा शिकवलं गेलं तेव्हाच डोळ्यासमोर कापड आलं होतं. पडद्यावरची प्रत्येक ओळ म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा, धोटा एकदा इकडून तिकडे गेला की पडणारा. आणि प्रत्येक ओळीतलं शंभरावं माप, ती सगळी एकाखाली एक ठेवली की ताण्याचा एक उभा तार. ही तुलना मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. ती पुढे किती उपयोगी पडणार आहे हे मलाही माहीत नव्हतं.

कमी विजेत काम कसं भागवायचं, हा प्रश्न माझ्यापर्यंत मात्र पुस्तकातून आला नाही. तो काकांच्या कारखान्यातून आला. बाबांनी तोपर्यंत आमचे आठ माग भंगारात दिले होते. राज्यभरच्या भारनियमनात दिवसातले कित्येक तास माग उभे राहत. २००७च्या जानेवारीत भिवंडीचं वीजवितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे गेलं, पण त्याआधीच बाबांचा धीर संपला होता. ते धाकट्या काकांच्या कारखान्यात सकाळची पाळी बघू लागले. चोवीस माग, आणि काकांनी हौसेनं बसवलेले सोळा कॅमेरे. ते ज्या डबीला जोडलेले होते तो, चित्रण साठवणारा डीव्हीआर दर तीन-चार महिन्यांनी बंद पडायचा.

२००८च्या दिवाळीत मी तो उघडला. आतल्या पंख्याच्या पात्यांभोवती सुताच्या तंतूंची अक्षरशः गादी झाली होती. बोटानं उचलली तर एका तुकड्यात निघाली. मागाच्या कारखान्यात हवेत तंतू तरंगत असतातच, कामगारांच्या भुवया पांढऱ्या होतात, तिथे हवा ओढणारा पंखा म्हणजे तंतू गोळा करण्याचं यंत्र. पंखा गुदमरला की आतल्या चिप भाजायच्या. व्हिडिओ आत घेणाऱ्या चार चिप ओळीनं बसवलेल्या होत्या, प्रत्येकीत चार कॅमेऱ्यांचे कन्व्हर्टर. डबी चालू ठेवून मी एकीवर बोट टेकवलं आणि लगेच काढलं.

"अगं, पंखा लागणारच नाही असं काही बनवता येत नाही का तुम्हा लोकांना?" काकांनी विचारलं.

येत होतं, पण त्यासाठी आतल्या प्रत्येकानं कमी खायला हवं होतं. आमच्या त्यावेळच्या चिपमध्ये एका कॅमेऱ्याचा कन्व्हर्टर सुमारे ९० मिलिवॅट घ्यायचा. सोळांचे मिळून जवळजवळ दीड वॅट. हार्ड डिस्क एकटी त्याच्या कितीतरी पट खाते हे खरं, पण ती वेगळी बसते आणि तिला डबीच्या पत्र्याशी जोडता येतं. चिपमधली उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते. मी बंगळूरला परतले ती एक आकडा घेऊन: कॅमेऱ्यामागे २० मिलिवॅट. त्याच सुमाराला पुढच्या चिपची जुळवाजुळव चालू होती आणि इतर ग्राहकांचीही हीच मागणी होती, म्हणून ते काम मला मिळालं.

व्होल्टेज मोजणं म्हणजे वजन करणं, हे मी आजीच्या तराजूवरून सांगते. आजीकडे जुनी लोखंडी वजनं होती: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. वस्तू एका पारड्यात टाकायची, दुसऱ्यात अच्छेर ठेवून बघायचं. जड झालं तर काढायचं, हलकं असलं तर राहू द्यायचं, मग पावशेर, मग नवटाक. पाच वजनांत शेराच्या सोळाव्या हिश्शापर्यंतचं माप हातात. कन्व्हर्टर हेच करतो, फक्त दहा पायऱ्या खोल जातो आणि १०२४ पातळ्या वेगळ्या ओळखतो. याऐवजी एका दमात मोजायचं म्हटलं तर आठ पायऱ्यांच्या मापालाही २५५ तराजू एकाच वेळी लावावे लागतात, आणि ते सगळे वीज खात बसतात.

व्हिडिओच्या वेगाला एकाच तराजूवर दहा वेळा तोलायला त्या काळच्या आमच्या तंत्रात वेळ अपुरा होता. म्हणून रांग. पहिला माणूस ढोबळ तोलतो, तेवढं वजा करतो, उरलेलं दुप्पट करून शेजाऱ्याला देतो आणि लगेच पुढची वस्तू हातात घेतो. दुप्पट केल्यामुळे प्रत्येकाजवळ एकच वजन पुरतं. ही पाइपलाइन. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्टीफन लुइस आणि पॉल ग्रे यांनी ती सीमॉसमध्ये करून दाखवली, आणि तिच्यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की तोलताना झालेली चूक चालते. पहिल्यानं एखादं वजन चुकीनं ठेवलं, तरी उरलेलं पुढच्याच्या पारड्यात मावत असेल तर तो ती चूक भरून काढतो. शेवटी सगळे आकडे एकमेकांवर थोडे चढवून बेरीज केली की खरं माप निघतं. म्हणजे 'जड की हलकं' एवढंच ठरवणारा कंपॅरेटर साधा, स्वस्त, ढिला असला तरी भागतं. पण वजाबाकी आणि दुप्पट करणं मात्र चोख हवं. तिथली चूक कुणी भरून काढत नाही.

मग वीज कुठे घालायची हे त्यातूनच ठरतं. पहिल्या पायरीवरची चूक जशीच्या तशी चित्रात उतरते. दुसऱ्या पायरीवरची निम्मी होऊन, तिसरीवरची चौथाई, पुढे पावाचाही पाव. म्हणून पहिल्या पायरीचा, व्होल्टेज धरून ठेवणारा कपॅसिटर मोठा, दुप्पट करणारा ॲम्प्लिफायर दमदार. पुढच्या पायऱ्या क्रमानं लहान करत न्यायच्या. बर्कलीतच थॉमस चो आणि पॉल ग्रे यांनी १९९५ साली या मार्गानं दहा बिटांचा, सेकंदाला दोन कोटी मापं घेणारा कन्व्हर्टर अवघ्या ३५ मिलिवॅटमध्ये बसवला. तो लेख मी इतका वाचलाय की त्याची पानं घड्यांवर फाटली आहेत. बर्नार्ड गॉर्डन यांचा १९५४चा डॅट्रॅक हा विकत मिळणाऱ्या पहिल्या कन्व्हर्टरांपैकी एक. व्हॅक्यूम ट्यूबचा, सेकंदाला पन्नास हजार मापं आणि ५०० वॅट, म्हणजे बाबांच्या मागाच्या मोटरच्या दोन-तृतीयांश. चाळीस वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं ते सुट्या भागांच्या आकारामुळे तर खरंच, पण कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडायचा हे कळत गेल्यामुळेही.

हात किती आखडता येतो यालाही निसर्गाची मर्यादा आहे. उष्णतेनं इलेक्ट्रॉन सतत थरथरत असतात आणि कपॅसिटरवर धरून ठेवलेल्या व्होल्टेजमध्ये ती थरथर उतरते. एक पिकोफॅराडचा कपॅसिटर असेल तर साध्या तापमानाला ती ६४ मायक्रोव्होल्ट. ही थरथर निम्मी करायची तर कपॅसिटर चौपट, आणि तो त्याच वेगानं भरायला वीजही चौपट. एका बिटाच्या जादा अचूकतेची ही किंमत आहे, आणि ती चुकवायला कुणाचीही हुशारी पुरत नाही.

माझ्या रचनेत मी एक गोष्ट जास्तीची केली. साध्या पाइपलाइनमध्ये ॲम्प्लिफायर घड्याळाच्या अर्ध्या ठोक्यात काम करतो आणि उरलेल्या अर्ध्यात, नवा व्होल्टेज कपॅसिटरवर भरेपर्यंत, नुसता वीज घेत उभा राहतो. रिकामी मोटर. माझ्याच्यानं ते बघवेना. मी त्याला कपॅसिटरचे दोन संच दिले: एक भरत असताना दुसऱ्यावर काम, मग अदलाबदल. ॲम्प्लिफायर कधीच रिकामा नाही, त्याला प्रत्येक मापासाठी दुप्पट वेळ, म्हणून निम्मी वीज पुरे. ही युक्ती माझी नव्हे, या धंद्यात ती माहितीची होती. पण मी ती पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत लावली. सिम्युलेशनमध्ये आकडा आला १८ मिलिवॅट. टेपआउटच्या, म्हणजे रचना चिप बनवायला पाठवली त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

सिलिकॉन आलं आणि दिवसाचं चित्र सुरेख दिसलं. अंधाऱ्या गोदामाचं चित्र लावलं, काळोखातला भाग उजळवला, आणि त्यात उभ्या बारीक रेघा होत्या. एक स्तंभ किंचित उजळ, शेजारचा किंचित काळपट, पुन्हा उजळ, पडदाभर. फरक दोन मिलिव्होल्टच्या आसपास. चिपच्या डिजिटल भागातलं, निम्म्या वेगानं चालणारं एक घड्याळ आत शिरत असणार असं मी ठरवून टाकलं. तीन आठवडे मी तो भाग करणाऱ्या दुसऱ्या टीमच्या मागे होते. त्यांनी घड्याळाच्या कडा मंद केल्या, पुरवठा १.८ वरून १.६ व्होल्टवर आणला, भाग बंद करून दाखवले. रेघा तशाच. मी त्यांच्याशी नीट बोलले नाही त्या दिवसांत, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

गणपतीला घरी गेले तेव्हा त्या चित्राचा खूप मोठा करून छापलेला कागद माझ्या बॅगेत होता. बाबांनी तो घेतला आणि ताग्याचं टोक धरतात तसा दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडासमोर धरला.

"हा ताण्यातला दोष आहे," ते म्हणाले. "बाण्यातला असता तर एका ओळीत आला असता, दुसरीत नसता. हा वरपासून खालपर्यंत आहे."

"तेवढं कळलंय बाबा. कुठून येतोय ते कळत नाहीये."

त्यांनी कागद आणखी जवळ घेतला. "जोडी-जोडीनं आलंय बघ. फणीच्या एका घरात दोन तार भरतात ना, आणि घराची पट्टी जाड असली की कापडावर असंच उमटतं. दोन-दोन तार चिकटल्यासारखे, मधे फट. तार चांगले असतात गं. दोघांना एकाच घरातून काढलंय, त्याची ती खूण." मग कागद परत देत त्यांनी विचारलं, "तुझ्यात एका घरात दोन कुठे भरलेत?"

माझ्या हातातली मोदकाची वाटी मी तशीच खाली ठेवली.

परत गेल्यावर वीस चिप काढल्या. सगळ्यांना एकच स्थिर व्होल्टेज दिला आणि सम मापांची सरासरी व विषम मापांची सरासरी वेगवेगळी काढली. घड्याळ शिरत असतं तर फरक प्रत्येक चिपवर एकाच बाजूला दिसला असता. इथे काहींत सम वर होतं, काहींत विषम, काहींत फरक जवळजवळ शून्य. नुसता योगायोगाचा पसारा. म्हणजे दोन संचांचं आपसातलं न जुळणं. स्विच बंद होताना थोडासा विद्युतभार कपॅसिटरवर सांडतो, तो एका संचात किंचित जास्त, दुसऱ्यात किंचित कमी. आणि एका ओळीत मापं ८६४, सम संख्या. त्यामुळे प्रत्येक ओळीत तोच संच त्याच स्तंभावर येत होता आणि दोष चित्रभर उभा राहत होता. दुसऱ्या टीमकडे जाऊन मी हे सगळं कागदावर मांडून दाखवलं आणि माफी मागितली.

उपाय साधा आणि महाग होता. पहिल्या पायरीला एकच संच, स्वतंत्र ॲम्प्लिफायर, आणि तो अर्धा वेळ रिकामा राहिला तर राहू दे. पुढच्या पायऱ्यांवर दोन संच तसेच ठेवले, कारण तिथला दोष निम्मा, चौथाई होत विरून जातो. आकडा १८ वरून २२ वर गेला. बैठकीत मला विचारलं गेलं की सम-विषम फरक डिजिटल भागात वजा करून टाकता येणार नाही का. येतो, पुढे इतरांनी तसं केलंही. पण तो फरक चिप तापली की सरकत होता, आणि ही चिप कुठे बसणार आहे ते मला ठाऊक होतं: मे महिन्यात पत्र्याखाली. मी २२ वर अडून राहिले. मग शेवटच्या चार पायऱ्यांचे कपॅसिटर तंत्रात बसतील तितके लहान केले, कंपॅरेटर असे बदलले की निर्णयाच्या क्षणापुरतीच वीज घेतील, आणि साडेवीसवर आलो. ते मान्य झालं. दुसऱ्या खेपेच्या सिलिकॉनमध्ये अंधाऱ्या गोदामाचं चित्र मी लॅबमध्ये एकटीनं बराच वेळ बघत बसले होते. भिंत, पेट्या, दाराची फट. रेघ नव्हती.

२०१२च्या उन्हाळ्यात काकांनी नवा डीव्हीआर घेतला. पंखा नसलेला, चारी बाजूंनी बंद, पत्र्यालाच उष्णता टेकवलेला. त्यात कुणाची चिप आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही आणि काकांनी उघडू दिला नाही. वर तंतूंचा थर साचला होता. मी तो तळहातानं पुसला आणि हात तसाच पत्र्यावर ठेवला. गरम होता, पण हात राहत होता.

मागांच्या खटखटाटात बोलणं ऐकू येत नव्हतं. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि पडद्यावरच्या सोळा चौकटींकडे बघू लागले. मला वाटलं ते रेघा शोधतायत. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला, खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं, माझ्या कानाशी येऊन ओरडले, "सहा नंबर थांबलाय, मोटर चालूच आहे," आणि तिकडे निघाले.